मुलगी येईपर्यंत

आमच्या आईला आमची चळवळ म्हणजे रिकामटेकड्या बायकांचा उद्योग वाटायचा. पुढे तिनेच आमच्या नाकी नऊ आणले, पण ते नंतरचं.

१९८५ सालचा उन्हाळा. ओसाकातल्या इकुनो भागात आमचं अरुंद घर होतं, वर राहायचं आणि खाली चपलांचं काम. मी मशीनवर पट्टे शिवायची, आई ब्रश न घेता सरळ बोटांनी सोलला सोल्युशन लावून पट्टे चिकटवायची. ब्रशने म्हणे कडेला नीट बसत नाही. नवरा गेल्यावर मी मुलीला घेऊन आईकडे आले ती तिथलीच झाले. सोल्युशनच्या वासाने पाहुण्यांचं डोकं उठायचं, आम्हाला मात्र तो वास आला नाही की चुकल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी मार्चमध्ये मी बोट द्यायला नकार दिला. आमच्यासारख्या परक्या लोकांना ओळखपत्र सतत जवळ बाळगावं लागे. ते आधी दर तीन वर्षांनी, आता दर पाच वर्षांनी नवं करायचं आणि दर वेळी वॉर्ड ऑफिसात जाऊन डाव्या हाताच्या तर्जनीचा ठसा द्यायचा. चोराचा घेतात तसा.

आणि परके कसले? माझा जन्म याच गल्लीतला. आई जेजू बेटावर जन्मली तेव्हा सगळा कोरिया जपानचा होता, म्हणजे ती जन्मापासून सम्राटाची प्रजा. पंधराव्या वर्षी बोटीत बसून ओसाकाला कामाला आली ती देशातल्या देशात आली. मग जपान युद्ध हरला, काही वर्षं गेली आणि एका सकाळी सरकारने जाहीर केलं की आजपासून तुम्ही परके. ना कोणी विचारलं, ना कोणी समजावलं. कर मात्र परक्यांचाही चालतो, तो आम्ही गुपचूप भरत आलो.

माझा पहिला ठसा मी चौदाची असताना शाळेच्या गणवेशात दिला होता. शेजारच्या खिडकीवर माझ्या वर्गातल्या मुलीची आई उभी होती. मला गल्लीत सगळे यानागावा या जपानी नावाने हाक मारायचे, शाळेतही तेच नाव. त्या बाईने माझं खरं आडनाव यांग असल्याचं तिथे पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जायला माझे पाय उचलेनात. आता माझी मुलगी मी-योंग पुढच्या वर्षी सोळाची होणार होती, आणि नव्या नियमाप्रमाणे सोळाव्या वर्षी पहिला ठसा. मी ठरवलं, आपण दिला तेवढा पुरे झाला.

आम्ही दहाबारा बायका होतो. दर शनिवारी बाजाराच्या तोंडाशी टेबल मांडून सह्या गोळा करायच्या. ठसे बंद करा, मत द्यायचा हक्क द्या, म्हाताऱ्यांना पेन्शन द्या, आमच्या पोरांना शाळेत मास्तर होऊ द्या. आमची पुढारी पाक दोक-ही. तिचं किमचीचं, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचं, दुकान होतं आणि आवाज असा की कर्ण्याची गरजच पडू नये.

संध्याकाळी घरी आले की आई वर न बघता विचारायची, "झाल्या का सह्या? आता सम्राट चहाला कधी बोलावतोय?"

"तुलाही घेऊन जाईन."

"मला नको. मला उद्या दोनशे जोड द्यायचेत."

वॉर्ड ऑफिसातला कुसाका नावाचा तरुण कारकून दर आठवड्याला माझं मन वळवायला घरी यायचा. तसा नियमच होता, नकार दिलेल्याला समजावायचं आणि शेवटी वर कळवायचं. बिचारा दारात उभा राहून घाम पुसायचा. आई त्याला सातूचा गार चहा द्यायची आणि तो गेला की म्हणायची, "मागणी घालायला येतो तसा येतो गं. वय जरा कमी आहे, पण सरकारी नोकरी आहे." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

जुलैच्या शेवटी जेजूहून फोन आला. छांग-ग्यू मामाचा. हा आईचा चुलत भाऊ, तिच्याहून लहान, पण तोही साठी ओलांडलेला. आई फोनवर नेहमी ओरडून बोलायची, मध्ये समुद्र आहे म्हणून. त्या दिवशी तिचा आवाज हळूहळू उतरत गेला. शेवटी नुसतं "हो, हो" म्हणत होती.

जेजूला आठव्या चांद्रमहिन्याच्या पहिल्या दिवशी सगळं कुळ जमतं आणि आपापल्या कबरींवरचं वाढलेलं गवत विळ्याने कापतं. त्या दिवशी कोण कुठेही असो, येतोच. जिच्यावर कोणी गवत कापत नाही ती कबर बेवारस, आणि कबर बेवारस म्हणजे घराणं बुडालं. माझ्या आजी-आजोबांची कबर एका संत्र्याच्या बागेला लागून होती. भोवती काळ्या दगडाची भिंत, ती आईने चपला चिकटवून साठवलेल्या पैशातून बांधून घेतली होती. गवत इतकी वर्षं मामाच कापत आला होता. आता बागेच्या मालकाला ती जागा हवी होती आणि कुळातल्या वडीलधाऱ्यांना त्याचं म्हणणं पटत चाललं होतं. त्या कबरीला मुलगा नाही, मग कशासाठी अडवून ठेवायची? या वर्षी गवत कापायच्या दिवशी थेट वंशातलं कोणी तिथे उभं राहिलं नाही तर भिंत काढायची, असं ठरलं होतं.

मुलगा नाही असं नव्हतं. आईला एक धाकटा भाऊ होता. युद्धाच्या शेवटच्या वर्षी त्याला सम्राटाच्या सैन्यात ओढून नेलं आणि दक्षिणेकडच्या कुठल्यातरी बेटावर तो मेला. मरताना तो जपानी होता. मेल्यावर परका झाला, म्हणून आजीला त्याची पेन्शन मिळाली नाही. देह तर आलाच नाही.

"मी जाणार," आई म्हणाली.

मला पुढचं लगेच कळलं. तिचं ओळखपत्र ऑगस्टमध्ये संपत होतं. नवं पत्र नसेल तर परत येण्याचा परवाना मिळत नाही. परवान्याशिवाय गेलं की इकडचं दार बंद. आणि बोट दिल्याशिवाय पत्र नाही.

"म्हणजे तू बोट देणार."

"देणार. आठनऊ वेळा दिलंय. आणखी एकदा दिल्याने काय होतंय?"

"दोक-हीला काय सांगू? टेबलावर मी उभी, आणि घरात माझीच आई..."

"सांग, म्हातारी अडाणी आहे, ऐकत नाही. खोटं थोडंच आहे?"

मी मशीन जोरात चालवायला घेतलं आणि तीन पट्टे वाकडे शिवले. तिने ते मुकाट्याने उसवले.

तरी सोबत मीच गेले. तिला वाचता येत नव्हतं, एकटी कशी सोडणार? खिडकीवर नेमका कुसाका. मला बघून त्याचा चेहरा उजळला, त्याला वाटलं मीच आले बोट द्यायला. "ती नाही रे, मी," आई म्हणाली, आणि त्याचा चेहरा पडला.

त्या उन्हाळ्यात सरकारने आमच्यावर एक उपकार केला होता. काळी शाई बंद करून बिनरंगाचं पाणी आणलं होतं, ठसा फक्त खास कागदावर उमटायचा. बोट काळं होत नाही म्हणजे अपमानही होत नाही, असा त्यांचा हिशेब. आईने बोट ओलं करून कागदावर दाबलं आणि उचललं. कागदावर एक करडा डाग. रेषा एकही नाही.

कुसाकाने दुसरा कागद काढला. पुन्हा डाग. त्याने आईचं बोट स्वतःच्या हातात धरून हळूच दाबलं. मग मधलं बोट, मग अंगठा, मग उजवा हात. सगळीकडे तेच. त्याने तिचा हात उजेडात धरून पाहिला. बोटांची टोकं आरशासारखी गुळगुळीत होती. गेल्या ठशानंतर ते सोल्युशन जास्तच जहाल झालं होतं.

"आजी, काम काय करता?"

"चपला. तू आत्ता घातल्यास त्या सपाताही आमच्याच गल्लीतल्या असतील."

त्याने खरंच खाली वाकून पाहिलं. मागच्या टेबलावरची बाई हसली, मलाही हसू आवरेना. इतकी वर्षं या लोकांना तिचं बोट हवं होतं, आता ती द्यायला आली तर द्यायला काही उरलंच नव्हतं.

कुसाका आत जाऊन साहेबांना विचारून आला. असा डाग पुढे पाठवला तर परत येईल आणि त्यात महिना जाईल, म्हणाला. "आजी, दोनतीन आठवडे हाताला आराम द्या. मलम लावा. रेषा परत येतात."

"आणि काम कोण करणार?"

कुसाकाने माझ्याकडे पाहिलं. आईनेही माझ्याकडे पाहिलं.

झालं. त्या दिवसापासून मी पट्टे शिवायची, मी चिकटवायची, आणि रात्री जेवणं झाली की आईचं बोट मांडीवर घेऊन त्याला मलम चोळायची. माझ्यासारखी, जिचा फोटो पत्रकावर छापला होता, "आमची बोटं गुन्हेगारांची नाहीत" या ओळीखाली, ती सरकारला द्यायचं बोट पिकवत बसली होती. दोक-हीला हे कळलं तेव्हा ती दुकानाच्या पायरीवर बसून पोट धरून हसली. मग डोळे पुसून तिने आत जाऊन एक बाटली आणली. "हे घे. घोड्याच्या चरबीचं तेल. मलमापेक्षा लवकर गुण येतो."

"तुला राग नाही आला?"

"आला ना. पण तिच्या आईबापांची कबर आहे. राग काय, उद्याही येईल."

आईला रिकामं बसवणं म्हणजे वादळाला बसायला पाट देण्यासारखं. हातात सुती मोजे घालून ती जिन्यात बसायची आणि वरून सूचना. "कड सुटली. सोल्युशन जास्त झालं. हे घालून गिऱ्हाइक चाललं तर गल्लीच्या टोकाला अनवाणी होईल." मी एकदा ब्रश फेकून म्हटलं, "मग खाली ये आणि कर." ती खरंच उठली. मीच पळत जाऊन तिला परत बसवलं.

रात्री मात्र ती मवाळ व्हायची. एकदा चोळता चोळता म्हणाली, "ह्ये-सुक, तूही चल ना. मला एकटीला तिथे काय बोलायचं ते सुचायचं नाही. सगळे बापे असतात."

मी थांबले. "मला परवाना देणार नाहीत, आई. बोट दिलं तरच देतील."

"मग देऊन टाक. एकदा दिल्याने काय होतं? मी इतक्या वेळा दिलं, माझं बोट झिजलं का?"

दोघींची नजर एकदमच त्या बोटावर गेली. आधी तीच हसली. मग मी. मी-योंग वरून धावत आली, काय झालं म्हणून, तर आम्हाला बोलताच येईना. हसून हसून आईला ठसका लागला.

मी-योंग परत वर गेली. आई तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहिली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी हो म्हणायच्या बेतात होते. आईने आयुष्यात माझ्याकडून काही मागितलेलं मला आठवत नाही. हे पहिलंच, आणि मी नाही म्हणणार होते. मला माझीच लाज वाटत होती आणि तिचा रागही येत होता, दोन्ही एकाच वेळी.

सकाळी ती स्वतःच म्हणाली, "मी एकटी जाते. छांग-ग्यू आहे तिथे." आणि वर तोंड करून पोरीला हाक मारली, न्याहारी गार होतेय म्हणून.

ऑगस्टच्या अखेरीस रेषा आल्या. बारीक, पण स्वच्छ. कुसाकाने कागद उजेडात धरला आणि म्हणाला, "छान उमटलाय, आजी." आईने मान पुढे करून पाहिलं. "इतकं सुंदर असतं होय?" ती म्हणाली. "घे बाबा." पुढे परवाना वेळेत आला. विमानतळावर तिच्या हातात सुक्या माशांची आणि औषधांची पिशवी होती, आतल्या खिशात ओळखपत्र होतं. काचेपलीकडे गेल्यावर ती वळून बघेल असं मला वाटलं होतं. तिने बघितलं नाही. तिला रांगेत पुढे घुसायचं होतं.

आठवडाभर माझा जीव टांगणीला. फोन नाही, काही नाही. ती परत आली ती उन्हाने काळवंडलेली, बोटांवर विळ्याचे दोन काप. बूट काढायच्या आधीच मी विचारलं, "भिंत?"

"आहे."

मग पाणी पिऊन सांगायला लागली. आधी तिने स्वतः विळा घेऊन गवत कापलं. तिथल्या बाप्यांना ते आवडलं नाही, बाईने माहेरच्या कबरीवर विळा चालवायचा नसतो. नंतर डब्यातलं जेवण काढलं तेव्हा कुळातल्या सगळ्यात थोरल्याने विचारलं, "ओक-रान, यंदा तू आलीस ते ठीक. तुझं वय अडुसष्ट. तुझ्यानंतर कोण?"

"मी म्हटलं, माझी मुलगी," आई म्हणाली. "तर म्हणाले, मुलगी? म्हटलं, हो, मुलगी. मग म्हणाले, कुठाय ती? आज का आली नाही? म्हटलं, तिने बोट दिलं नाही म्हणून तिथलं सरकार तिला परत घेणार नाही. तर तो बागवाला काय म्हणतो माहितेय? म्हणतो, मग द्यायला सांगा ना बोट, एकदा दिल्याने काय होतं?"

तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"माझंच बोलणं गं ते. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी तिथेच उभी राहून म्हटलं, त्यांना मी माझा भाऊ दिला. अख्खा दिला, त्याचं नखसुद्धा परत आलं नाही. तीस वर्षं माझी बोटं दिली. आता पोरीचंही द्यायचं? ती देणार नाही. ती बोट न देता येईल, उजळ माथ्याने, आणि तिच्या आजीचं गवत कापेल. तोपर्यंत भिंतीला कोणी हात लावला तर मी मेल्यावरही सोडायची नाही."

"मग?"

"मग काय, छांग-ग्यू उठला आणि म्हणाला, ती येईपर्यंत मी कापतो. भिंत राहू दे." तिने उसासा टाकला. "त्याचे गुडघे गेलेत गं. चढावर दोनदा बसला."

मी तिचे पाय चेपायला घेतले तर तिने झटकले. "पाय नको चेपू. तुमची ती बैठक कधी असते?"

बैठक दोक-हीच्या दुकानाच्या माळ्यावर असायची, किमचीच्या पिंपांच्या मधोमध. आई प्रवासाच्या कपड्यांतच आली आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. दोक-हीने हसून विचारलं, "काय आजी, सम्राटाला चहाला बोलावू का?"

"चहा राहू दे. तुमचं हे कधीपर्यंत होईल?"

"काय कधीपर्यंत?"

"हेच. हक्क. कधीपर्यंत?"

"आजी, ही काय शिवायला टाकलेली चोळी आहे का, परवा न्या म्हणायला?"

"मग तुम्ही शनिवारीच का बसता टेबलावर? सरकार काय फक्त शनिवारी असतं? माझ्या भावाचे गुडघे गेलेत. मी शब्द देऊन आलेय. लवकर आटपा."

कोणी हसलं नाही. दोक-हीने तिला वाटीभर किमची वाढली, आणि दुसऱ्या दिवसापासून टेबल रोज लागायला लागलं. आमची इच्छा असो नसो, आई हजर. तिला सही वाचता यायची नाही, पण माणूस सही न करता निसटतोय हे तिला पाठमोरंही कळायचं. टोफूवाला, देवळातला भिक्षू, दाताचा डॉक्टर, आमचा घरमालक, एकालाही तिने सोडलं नाही. जपान्यांना ती सांगायची, "तुम्ही माझ्या चपला घालता, मग माझ्या कागदावर तुमचं नाव घालायला काय होतंय?" कुसाका नोकरीमुळे सही करू शकत नव्हता. एका रविवारी त्याची आई आली, सही करून लाजत निघून गेली. आई दिवसभर ते सगळ्यांना सांगत होती.

माझ्या नकाराची तक्रार वर गेली, पोलिसांचं बोलावणं आलं, एक दिवस कोठडीतही बसले. वर्षभराने मी-योंगनेही नकार दिला. आम्ही तिला काहीच म्हटलं नव्हतं. ऑफिसातून घरी आली, बूट काढले आणि म्हणाली, नाही दिलं. आईने तिच्या ताटात मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा वाढला.

पण कायदा बदलायला किती वर्षं लागतात हे आधी कळलं असतं तर कोणी चळवळीत पडलंच नसतं. दर वर्षी आठव्या महिन्यात आई मामाला फोन करायची, समुद्रापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात. दर वर्षी तो सांगायचा, कापलं. ती स्वतः पुन्हा गेली नाही. पुढे तिचेच गुडघे गेले, आणि पुढच्या खेपेला पत्र नवं करायची वेळ आली तेव्हा बोट द्यायला तिने साफ नकार दिला. कुसाका त्या वेळी दुसऱ्या खात्यात गेला होता. नव्या कारकुनाला ती म्हणाली, "एकदा चांगलं उमटलेलं दिलंय, तेच वापरा."

ती एका जानेवारीत न्यूमोनियाने गेली. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मला ते आवडायचं नाही. शब्द पुरा व्हायच्या आधी तिला जावं लागलं, आणि त्यात वयाचा नाही, सरकारचा दोष होता, असं मी तेव्हाही म्हणायची आणि आजही म्हणते. पुढच्याच वर्षी आम्हा पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांसाठी ठसे बंद झाले. माळ्यावर त्या संध्याकाळी सगळ्या प्यायल्या. दोक-ही पेला हातात घेऊन म्हणाली, "ठसा गेला. मत कुठाय? पेन्शन कुठाय?" आणि मग जिथे आई बसायची तिथे बघून तिचा तो आवाजच फुटेना. मी तर आधीपासून रडतच होते.

त्या सप्टेंबरमध्ये मी परवाना घेतला. नुसती सही केली, आणि खिडकीवरच्या बाईने शिक्का मारून दिला.

जेजूला मी आयुष्यात पहिल्यांदा उतरले. मामा पंच्याहत्तरीला टेकलेला, वाळक्या मुळ्यासारखा. मला घेऊन चढावर निघाला, थांबत, बसत. आजूबाजूला कुळातली तरुण पोरं गवत कापायची यंत्रं घेऊन आली होती, सगळ्या डोंगरावर घरघर चालली होती. आजी-आजोबांची कबर भिंतीच्या आत हिरवीगार, गवत कंबरेपर्यंत. भिंत जशीच्या तशी. पलीकडे संत्री लागली होती.

मी विळा घेतला. मला कुठे येतंय? मामा भिंतीवर बसून बघत होता.

"वरवर नको. मुळाशी धर. तुझ्या आईलाही येत नव्हतं, पण तिने कबूल केलं नाही."

"मामा, तुम्ही इतकी वर्षं कापलंत."

"काय करणार? तुझ्या आईने मरायची सोय ठेवली नव्हती. दर वर्षी फोन करून पहिलं विचारायची, जिवंत आहेस ना? मग सांगायची, मुलगी येईपर्यंत मरायचं नाही, मला शब्द दिलायस. मागच्या वर्षी फोन आला नाही. म्हटलं, आता कोणी विचारणारं नाही, तरी थांबावं."

माझ्या डोळ्यांतलं पाणी विळ्यावर पडत होतं, ते त्याला दिसलं असणार. तो दुसरीकडे बघायला लागला. मी कापत राहिले. अर्धं झाल्यावर त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"म्हणजे आता तिकडे सगळं झालं ना? आता तुम्ही तिथल्यासारखेच."

"ठसा गेला, मामा."

"मत देता येतं?"

"नाही."

"सरकारी नोकरी?"

"कुठेकुठे. मोठी नाही."

"म्हणजे अजून परकेच."

"परकेच. चालू आहे आमचं. रोज टेबल लावतो."

मामाने भिंतीवरून पाय खाली सोडले, गुडघे दोन्ही हातांनी धरले आणि माझ्याकडे नीट बघत विचारलं, "मग मी अजून थांबायचं का काय?"

"थांबा," मी म्हटलं. "फोन आता मी करत जाईन."